फाइल पाठवली, पण पोच कुठे? कंपन्यांमधील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी सुरक्षित मानकाची निवड

दोन कंपन्यांमध्ये व्यवहार सुरू झाला की मालाच्या आधी कागद धावू लागतात. खरेदीची मागणी, माल रवाना झाल्याची आगाऊ सूचना, बीजक, पगारपत्रक, रुग्णाचा विमादावा असे हे कागद आज फाइलींच्या रूपात एका कंपनीच्या संगणकावरून दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर जातात. बहुतेकदा मध्यरात्री आणि माणसाचा हात न लागता. न्यू जर्सीतील किराणा आयातदार, टेक्सासमधील वैद्यकीय बिलांचे काम करणारी संस्था, लंडनमधील लेखा-कार्यालय किंवा दुबईतील मालवाहतूकदार, यांपैकी कोणीही मोठ्या ग्राहकाशी करार केला की त्याच्या हाती एक प्रश्नावली पडते : फाइली कोणत्या मानकाने पाठवणार? एसएफटीपी, एफटीपीएस, एएस२ की एएस४?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा सवयीने किंवा हाताशी असलेल्या सॉफ्टवेअरवरून दिले जाते. ‘सुरक्षित’ म्हणजे ‘एन्क्रिप्ट केलेले’, एवढाच अर्थ त्यामागे धरलेला असतो. परंतु वरील चारही मार्गांत एन्क्रिप्शनची, म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात मजकूर बदलण्याची सोय आहेच. त्यांच्यातील खरा भेद पोचपावतीत आहे. फाइल जशीच्या तशी, योग्य हातात आणि ठरल्या वेळी पोचली, हे उद्या वाद उद्भवल्यास कोण आणि कशाच्या आधारे सिद्ध करणार, या प्रश्नावर निवड ठरली पाहिजे.

चार कसोट्या

कोणतेही मानक चार कसोट्यांवर तपासावे. पहिली गोपनीयता : वाटेत कोणी मजकूर वाचू शकणार नाही. दुसरी अखंडता : मजकुरात बदल झाल्यास तो लपून राहणार नाही. तिसरी ओळख : पाठवणारा आणि घेणारा हे खरोखर तेच आहेत. चौथी कसोटी म्हणजे नाकबुलीला वाव नसणे : फाइल मिळालीच नाही, असे घेणाऱ्याला मागाहून म्हणता येणार नाही आणि ती पाठवलीच नव्हती, असे पाठवणाऱ्याला म्हणता येणार नाही. रजिस्टर्ड टपालासोबत जोडलेले व सहीनिशी परत येणारे पोचपावतीचे कार्ड ज्यांना आठवते, त्यांना ही चौथी कसोटी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पहिल्या तीन कसोट्यांवर बहुतेक आधुनिक मानके उतरतात, चौथीवर मोजकीच.

एफटीपी : मूळ आणि मर्यादा

फाइल हस्तांतराच्या पहिल्या मानकाचा भारताशी थेट संबंध आहे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतील पदवीधर अभय भूषण यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये असताना एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४ या क्रमांकाचा दस्तऐवज लिहिला. तोच एफटीपीचा आरंभ. पुढे ऑक्टोबर १९८५ मधील आरएफसी ९५९ ने त्याला आजचे रूप दिले. त्या काळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या व परस्परविश्वास गृहीत होता. म्हणून एफटीपीमध्ये नाव, पासवर्ड आणि फाइल ही तिन्ही उघड्या पोस्टकार्डासारखी जातात. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी एफटीपीचा आधार काढून टाकला. तरीही जुन्या कारखान्यांच्या आणि गोदामांच्या व्यवस्थांत ते अजून आढळते. व्यावसायिक माहितीसाठी साधे एफटीपी हा पर्यायच नाही, इतके म्हणून पुढे जावे.

एफटीपीएस : जुन्या घराला नवे कुलूप

एफटीपीवर टीएलएसचे, म्हणजे बँकांची संकेतस्थळे वापरतात त्याच सुरक्षा-आवरणाचे, कवच चढवले की एफटीपीएस होते. ऑक्टोबर २००५ च्या आरएफसी ४२१७ मध्ये त्याची रीत दिली आहे. दोन्ही बाजूंची ओळख प्रमाणपत्रांनी पटवता येते आणि जुनी एफटीपी व्यवस्था फारशी न बदलता ते बसवता येते, हे त्याचे गुण.

अडचण मात्र मूळ रचनेतूनच येते. एफटीपी आज्ञांसाठी एक जोडणी आणि फाइलीसाठी दुसरी जोडणी उघडते. दुसरी जोडणी कोणत्या पोर्टवर होणार हे पहिलीत ठरते. पण पहिली आता एन्क्रिप्ट असल्यामुळे फायरवॉलला ते वाचता येत नाही. परिणामी पोर्टांचा एक मोठा पट्टा कायमचा उघडा ठेवावा लागतो. याहून छुपा धोका असा की फाइलीच्या जोडणीवर एन्क्रिप्शन आपोआप लागू होत नाही, त्यासाठी स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. ती न दिल्यास आणि सर्व्हरनेही तिची सक्ती न केल्यास पासवर्ड सुरक्षित जातो आणि फाइल मात्र उघडी जाते. एफटीपीएस स्वीकारताना सर्व्हरवर ही सक्ती चालू आहे ना, हे आधी पाहावे.

एसएफटीपी : सर्वांत रुळलेला मार्ग

नावातील साम्यामुळे एसएफटीपी हे एफटीपीचेच सुधारित रूप वाटते. प्रत्यक्षात त्याचे कुळ वेगळे आहे. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यानंतर तेथील तातू युलोनेन यांनी एसएसएच हे साधन लिहिले. एसएफटीपी हा त्याच एसएसएचचा एक भाग. त्याला एकच पोर्ट, बहुधा २२ क्रमांकाचे, पुरते, त्यामुळे फायरवॉलची डोकेदुखी राहत नाही. पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते : खासगी किल्ली स्वतःपाशी राहते आणि सार्वजनिक किल्ली भागीदाराला दिली जाते.

गमतीचा भाग असा की जगभर वापरले जाणारे एसएफटीपी औपचारिक मानक कधी झालेच नाही. त्याचे मसुदे आयईटीएफपुढे आले, पण अंतिम आरएफसी निघाली नाही; ओपनएसएसएच आजही मसुद्याची तिसरी आवृत्ती पाळते. व्यवहारात याने फारसे अडत नाही, परंतु दोन निष्काळजीपणा वारंवार होतात. पहिल्यांदा जोडताना सर्व्हर आपल्या किल्लीचा ठसा दाखवतो. तो ठसा फोनवर किंवा करारपत्रावर पडताळून न पाहता ‘होय’ म्हटले, तर वाटेतला तोतया सर्व्हर खरा म्हणून कायमचा नोंदला जाऊ शकतो. दुसरे, फाइल अर्धवट चढलेली असतानाच समोरच्याचा प्रोग्रॅम ती उचलतो आणि शेवटच्या ओळी हरवतात. फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवून पूर्ण झाल्यावर तिचे नाव बदलणे, हा यावरचा साधा व खात्रीचा उपाय आहे. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेल्या ‘टेरापिन’ या एसएसएचमधील त्रुटीने हेही दाखवले की काही दुरुस्त्या दोन्ही बाजूंनी केल्या तरच लागू पडतात. आपला सर्व्हर अद्ययावत असणे पुरेसे नाही.

एसएफटीपीची मुख्य उणीव चौथ्या कसोटीवर दिसते. फाइल लिहिली गेली, एवढे सर्व्हर सांगतो, पण घेणाऱ्याच्या सहीची पावती देत नाही. वाद झाल्यास दोघांच्या नोंदवह्या समोरासमोर ठेवाव्या लागतात आणि प्रत्येकाची वही त्याच्याच ताब्यात असते.

एएस२ : सहीची पावती

ही उणीव भरून काढण्यासाठी एएस२ घडवले गेले. जुलै २००५ मध्ये ते आरएफसी ४१३० म्हणून प्रसिद्ध झाले, पण त्याचा प्रसार त्याआधीच झाला होता. तोवर कंपन्यांमधील इलेक्ट्रॉनिक कागद ‘व्हॅन’ म्हणवणाऱ्या मध्यस्थ जाळ्यांतून जात आणि ही जाळी अक्षरांच्या संख्येवर पैसे आकारत. २००२ मध्ये वॉलमार्टने आपल्या पुरवठादारांना इंटरनेटवरून एएस२ ने कागद पाठवण्यास सांगितले आणि अमेरिकेच्या किरकोळ व्यापारात हे मानक रुजले.

एएस२ मध्ये पाठवणारा फाइलीवर आपल्या खासगी किल्लीने डिजिटल स्वाक्षरी करतो, ती घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने एन्क्रिप्ट करतो आणि वेबच्या नेहमीच्या मार्गाने पाठवतो. घेणारा ती उघडतो, आपल्याला मिळालेल्या मजकुराचा डिजिटल ठसा स्वतः काढतो आणि तो ठसा घालून, स्वतःची स्वाक्षरी करून पावती परत धाडतो. या पावतीला एमडीएन म्हणतात. पाठवणारा तो ठसा आपल्याकडील ठशाशी जुळवतो. जुळला, तर मजकूर अक्षरही न बदलता पोचला याचा घेणाऱ्याच्याच सहीचा पुरावा हाती येतो.

याचे मोल पैशात मोजता येते. समजा, एका पुरवठादाराने माल रवाना झाल्याची आगाऊ सूचना, अमेरिकी परिभाषेत ‘८५६’, वेळेत पाठवली. पण साखळी दुकानाने ती मिळाली नाही म्हणून बिलातून दंड कापला. असे दंड मोठ्या साखळ्यांच्या करारांत सर्रास असतात. एएस२ ची स्वाक्षरीयुक्त पावती जपलेली असेल, तर पुरवठादार ती पुढे ठेवून रक्कम परत मागू शकतो. केवळ ‘आमच्या यंत्रणेत पाठवल्याची नोंद आहे’ एवढेच म्हणता आले, तर त्याची बाजू लंगडी पडते.

मात्र पावत्यांच्या पायऱ्या ओळखणे आवश्यक आहे. एमडीएन सांगते की फाइल मिळाली व उघडली. तिची रचना नियमाप्रमाणे आहे हे ‘९९७’ ही वेगळी पावती सांगते. मागणी मान्य झाली की नाही हे ‘८५५’ सांगते. पाकीट मिळाल्याची सही म्हणजे आतील कराराला संमती नव्हे. कोणत्या पायरीची पावती किती वेळात यायला हवी, हे न ठरवलेले भागीदार पुढे एकमेकांशी भांडतात.

एएस२ चा भारही आहे. घेणाऱ्याचा सर्व्हर चोवीस तास जागा हवा, प्रत्येक भागीदाराची प्रमाणपत्रे सांभाळावी लागतात आणि फार मोठ्या फाइलींवर काही सॉफ्टवेअर अडखळतात. दोन-तीन भागीदार असलेल्या छोट्या संस्थेने स्वतःचा सर्व्हर चालवण्यापेक्षा ही सेवा भाड्याने घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

एएस४, पेपॉल आणि ओएफटीपी२

एएस४ हे नव्या पिढीचे भावंड. ओॲसिस या संस्थेने जानेवारी २०१३ मध्ये ते मानक म्हणून स्वीकारले. त्यातही स्वाक्षरीची पावती आहे. शिवाय घेणारा आपल्या सोयीने येऊन फाइल ओढून नेऊ शकतो, त्यामुळे त्याला कायम जागा सर्व्हर ठेवावा लागत नाही. युरोपात जन्मलेल्या पेपॉल या ई-बीजकांच्या जाळ्याने १ फेब्रुवारी २०२० पासून एएस४ अनिवार्य केले. सिंगापूर, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी पेपॉल स्वीकारले आहे, बेल्जियममध्ये १ जानेवारी २०२६ पासून कंपन्यांमधील ई-बीजके बंधनकारक झाली आहेत, आणि संयुक्त अरब अमिरातीनेही आपली ई-बीजक व्यवस्था पेपॉलच्या धर्तीवर आखली आहे. तेथील मराठी उद्योजकांना एएस४ स्वतः उभारण्याची गरज नाही. मान्यताप्राप्त सेवादाता ते काम करतो. उद्योजकाने सेवादाता नीट पारखून निवडणे महत्त्वाचे.

युरोपातील मोटार उद्योगाची वाट निराळी आहे. ओडेट या संघटनेचे ओएफटीपी १९८६ पासून वापरात आहे आणि त्याची सुरक्षित आवृत्ती ओएफटीपी२ नोव्हेंबर २००७ मध्ये आरएफसी ५०२४ म्हणून आली. सुट्या भागांचे आराखडे आकाराने प्रचंड असतात. मध्येच जोडणी तुटल्यास जिथे थांबले तिथून पुढे सुरू होण्याची सोय या मानकात आहे आणि स्वाक्षरीची पोचही आहे. युरोपीय मोटार कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या चाकण-पिंपरीच्या कारखान्यांना किंवा त्यांच्या परदेशी कार्यालयांना हे नाव भेटले, तर एसएफटीपीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

मार्ग सुरक्षित, गोदाम उघडे

गेल्या काही वर्षांतील मोठ्या चोऱ्या वाटेवर झालेल्या नाहीत. त्या फाइली जिथे उतरतात त्या सॉफ्टवेअरमध्ये झाल्या. डिसेंबर २०२० मध्ये ॲक्सेलियनचे जुने एफटीए, जानेवारी २०२३ मध्ये गोएनीव्हेअर, मे २०२३ च्या अखेरीस मूव्हइट आणि डिसेंबर २०२४ मध्ये क्लिओची उत्पादने अशा चार वेळा फाइल-हस्तांतराची नामांकित साधनेच हल्लेखोरांनी फोडली. मूव्हइटच्या वेळी क्लॉप या टोळीने डेटाबेसला फसव्या आज्ञा देण्याच्या त्रुटीचा वापर करून दोन हजारांहून अधिक संस्थांची माहिती पळवली. ब्रिटनमध्ये बीबीसी आणि ब्रिटिश एअरवेज यांच्या कर्मचाऱ्यांची माहिती त्यांच्या पगारपत्रकांचे काम करणाऱ्या झेलिस या कंपनीमार्फत बाहेर गेली. वाटेवरील एन्क्रिप्शन शाबूत होते. पण फाइली गोदामात पडून होत्या आणि गोदामाची भिंत कच्ची निघाली.

यावर दोन उपाय आहेत. एक, फाइल पाठवण्यापूर्वीच तिला घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने एन्क्रिप्ट करावे. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी लिहिलेल्या पीजीपीपासून ही रीत आहे आणि ओपनपीजीपीचे ताजे मानक जुलै २०२४ मध्ये आरएफसी ९५८० म्हणून आले. अशी फाइल चोराच्या हाती लागली तरी, खासगी किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवली नसल्यास, निरुपयोगी ठरते. एसएफटीपी आणि पीजीपी ही जोडी म्हणूनच बँका व पगारपत्रकांच्या कामात रुळली आहे. दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे : उचललेली फाइल सर्व्हरवरून काढून टाकणे. जी फाइल तिथे नाही, ती चोरीला जात नाही.

कायद्याची अपेक्षा

कायदे सहसा मानकाचे नाव सांगत नाहीत, परिणाम सांगतात. अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याखालील सुरक्षा नियम रुग्णाची माहिती पाठवताना तिचे संरक्षण मागतो. सरकारी मार्गदर्शनानुसार एन्क्रिप्ट केलेली माहिती हरवली आणि किल्ली सुरक्षित राहिली, तर रुग्णांना व शासनाला कळवण्याचे बंधन लागू होत नाही. ही सवलत मोठी आहे. अमेरिकी रुग्णालयाचे काम पुण्याला किंवा नागपूरला उपकंत्राटावर गेले, तरी करारातील जबाबदारी साखळीने तिथपर्यंत पोचते. कार्डांच्या माहितीसाठी पीसीआय डीएसएस सार्वजनिक जाळ्यावर भक्कम एन्क्रिप्शन सक्तीचे करते. युरोपच्या जीडीपीआरचे ३२ वे कलम धोक्याच्या प्रमाणात उपाय मागते आणि त्यात एन्क्रिप्शनचा नावाने उल्लेख करते.

निवड कशी करावी

बलवान ग्राहकाने मानक ठरवून दिले असल्यास तेच स्वीकारावे आणि आपली शक्ती त्याची अंमलबजावणी चोख करण्यात घालवावी. निवड आपल्या हाती असेल, तेव्हा पुढील क्रम उपयोगी पडतो.

• फाइल वेळेत पोचली की नाही यावर पैसा किंवा दंड अवलंबून असेल, तर एएस२ किंवा एएस४.

• माहिती खासगी असेल, पण पोच औपचारिकपणे सिद्ध करण्याची गरज नसेल, तर किल्लीवर चालणारे एसएफटीपी आणि सोबत पीजीपी.

• युरोपीय मोटार उद्योगासाठी ओएफटीपी२. ई-बीजकांसाठी त्या देशाने ठरवलेले जाळे.

• जुन्या यंत्रणेमुळे दुसरे काही शक्य नसेल तरच एफटीपीएस, आणि तेही दोन्ही जोडण्यांवर एन्क्रिप्शनची सक्ती करून.

• ईमेलला जोडलेली फाइल आणि साधे एफटीपी, कधीच नाही.

करारात काय लिहावे

मानक निवडल्यावर खरे काम सुरू होते. टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ ने मोडीत काढल्या, म्हणून १.२ किंवा १.३ चा स्पष्ट उल्लेख करारात हवा. कोणत्या पायरीची पावती किती वेळात यावी, न आल्यास किती वेळा पुन्हा पाठवावे, एकच फाइल दोनदा आली तर ती कशी ओळखावी, पावत्या किती वर्षे जपाव्यात, किल्ली फुटल्याचा संशय आल्यास कोणी कोणाला किती तासांत कळवावे, हे लेखी असावे. चाचणीचा सर्व्हर खऱ्या सर्व्हरपासून वेगळा असावा आणि चाचणीत खरी माहिती वापरू नये.

प्रमाणपत्रांच्या मुदतीकडे यापुढे विशेष लक्ष द्यावे लागेल. सार्वजनिक टीएलएस प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंचाने ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी उतरवत नेली आहे. वर्षातून एकदा ईमेलने नवे प्रमाणपत्र धाडून भागीदाराकडून हाताने बसवून घेण्याची पद्धत या वेगापुढे टिकणार नाही. नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था तरी करावी, किंवा एएस२ च्या स्वाक्षरीसाठी परस्परसंमतीने दीर्घ मुदतीचे वेगळे प्रमाणपत्र ठेवावे. मुदत संपलेले प्रमाणपत्र हे फाइली अचानक थांबण्याचे नित्याचे कारण आहे आणि ते नेमके सुट्टीच्या दिवशी उघडकीला येते.

शेवटी प्रत्येक बाजूने एका जबाबदार व्यक्तीचे पद, दूरध्वनी आणि तिच्या गैरहजेरीतील पर्याय करारात नोंदवावा. दर तिमाहीला त्या दोघांनी मिळून एक फाइल पाठवून तिच्या सर्व पायऱ्यांच्या पावत्या हातात येतात का, हे पडताळावे. ज्या दिवशी पावती येत नाही, त्या दिवशी ते इतर कोणाच्याही आधी त्यांना कळले पाहिजे.